ध्रुवावरच्या पाहुण्याची कळशी

जगातली सगळ्यात कोरडी हवा शोधणाऱ्या लोकांच्या बैठकीत मी तीन वर्षं बसत होते, आणि त्यातली दोन वर्षं आमच्या घरी नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत होतं. हे सांगितलं की लोक म्हणतात, काय योगायोग बघा, आणि हसतात. मला त्यात हसण्यासारखं कधी काही सापडलं नाही.

संभाजीनगरला तेव्हा आम्ही औरंगाबादच म्हणत होतो. तिथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी रेफ्रिजरेशन शिकवायचे. देशातल्या दोन-चार संस्थांनी मिळून दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फाच्या पठारावर एक मोठी दुर्बीण उभारायचं ठरवलं होतं. ठरवलं होतं म्हणजे कागदावर. डोळ्यांना दिसणारा प्रकाश आणि त्याच्या पलीकडचा, उष्णतेच्या जातीचा अवरक्त प्रकाश, असं दोन्ही ती पाहणार होती. अवरक्त पाहायचं तर कॅमेरा भयंकर थंड ठेवावा लागतो, नाहीतर तो स्वतःच्याच उबेनं आंधळा होतो. कॅमेरा थंड ठेवणारी पेटी मी तयार केली होती. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये, पत्र्याखाली, मे महिन्यात. पंख्याची हवासुद्धा भाजायची आणि मी उणे दोनशेच्या खाली उतरायच्या गोष्टी करत बसलेली. त्या पेटीमुळं मला या गटात बोलावणं आलं, आणि मी हरखून गेले.

ध्रुवावरच का, हे मला शेजारच्या काकूंनीसुद्धा विचारलं होतं. हवेत वाफ असली की ती अवरक्त प्रकाश वाटेतच गिळते. हवा गरम असली की ती स्वतःच त्या प्रकाशात चमकते. भर दुपारी अंगणात पणती ठेवून कुणाला बघायला सांगावं, तसं होतं ते. त्या पठारावर हवा इतकी गार की तिच्यात वाफ टिकतच नाही, आणि महिनोन् महिने सूर्य उगवत नाही. फक्त बर्फालगतची हवा तेवढी अस्वस्थ असते, म्हणून दुर्बीण उंच मनोऱ्यावर बसवायची. बाकी आभाळ एकदम कोरडं. आमचे प्रमुख पहिल्या बैठकीत हे सांगताना इतके खुलले की बोटं जुळवून म्हणाले, "थेंब नाही हो, अक्षरशः थेंब नाही!" मला आमची गच्ची आठवली. आमच्याकडं ढग यायचे, तोंड दाखवायचे आणि पुढं निघून जायचे. आमच्या आभाळाचं असं कौतुक कुणी केलं असतं तर आईनं त्याला झाडूनं हाणलं असतं.

प्रमुख निवृत्तीला आलेले गृहस्थ होते. मृदू बोलायचे, सगळ्यांना अहो-जाहो करायचे, आवाज कधी चढवायचे नाहीत. मला तेव्हा ते फार सभ्य वाटायचे. कामं वाटताना आरसा एकाकडं गेला, मनोरा दुसऱ्याकडं, वीज तिसऱ्याकडं. शेवटी एक विभाग उरला. हिवाळाभर तिथं अडकून राहणाऱ्या अकरा माणसांचं राहणं, जेवण आणि पाणी. प्रमुखांनी टेबलावरून नजर फिरवत आणली आणि माझ्यावर ठेवली. "मॅडम, हे जरा घरगुती आहे. आपल्याला छान जमेल." त्या खोलीत मी एकटीच बाई होते. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. मी "हो सर" म्हणाले. तो राग माझा माझ्यावर आहे आणि तो अजून उतरलेला नाही.

तिथं पाण्याचं मोठं विचित्र आहे. पायाखाली कोसभर खोल बर्फ, म्हणजे पाणीच की, पण प्यायचं तर ते वितळवावं लागतं. वितळवायचं तर इंधन जाळावं लागतं, आणि ते इंधन किनाऱ्यापासून बर्फावरून घसरगाड्यांवर ओढत न्यावं लागतं. शिवाय स्वयंपाकघरातली नाहीतर न्हाणीतली वाफ दुर्बिणीच्या डोक्यावर गेली तर सगळंच मुसळ केरात. म्हणजे माणसानं जितकं कमी पाणी वापरावं तितकं दुर्बिणीच्या भल्याचं. माणशी दिवसाला किती पाणी, या एका आकड्यावर बर्फ वितळवायचं यंत्र, इंधनाच्या टाक्या, गाड्यांच्या खेपा असं सगळं टांगलेलं होतं. तो आकडा मी द्यायचा होता.

पुस्तकातला आकडा उचलायचा नाही, मोजलेला घ्यायचा, हे मी वर्गात सांगून सांगून पोरांचं डोकं उठवलेलं. मग मी स्वतः पुस्तक कसं उघडणार? मी घरी मोजायला घेतलं.

घरात आम्ही चौघं. अप्पा कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. आई लासूर स्टेशनकडच्या शेतकरी घरातली. धाकटा भाऊ कारखान्यात पाळीला जाणारा, आणि मी. जालना रोडच्या मागं आमची जुनी वसाहत. आम्ही तिथं आलो तेव्हा पुढं ज्वारीचं रान होतं. आता तिथं दहा-दहा मजले उभे राहिले होते आणि वसाहतीच्या तोंडाशीच एक फलक लागला होता, त्यावर निळ्या तलावात एक बाई पोहत होती. खाली लिहिलेलं, चोवीस तास पाणी. जायकवाडी तळाला गेलेली, आणि ही बाई पोहतेय. मी रोज स्कूटरवरून जाताना त्या बाईला शिव्या द्यायचे. तिचा बिचारीचा काय दोष, पण द्यायचे.

पाणी यायचा दिवस असला की आई घर सोडत नसे. लग्न नाही, मयत नाही. एकदा तर तिनं मावसबहिणीच्या लेकीचं लग्न पाण्यापायी सोडलं. नळ आला की आधी पिण्याचे हंडे, मग ड्रम, मग बादल्या, मग घरातली पातेली, डबे, शेवटी वाट्या. पुढचे सात दिवस ते पाणी पायरी-पायरीनं खाली उतरायचं. तांदळाचं धुवण तुळशीला, भांडी विसळलेलं संडासात. आणि ओट्याच्या कोपऱ्यात तांब्याची एक कळशी कायम झाकून ठेवलेली असे. ती पाहुण्याची. दारी आलेल्याला गूळ-पाणी द्यायचं, आणि पेला भरून द्यायचा, अर्धा नाही, ही आईची अट होती. त्या कळशीला आम्ही कुणी हात लावत नसू.

एका पाण्यापासून दुसऱ्या पाण्यापर्यंत मी हातात अर्ध्या लिटरचं माप आणि बगलेत वही घेऊन घरभर हिंडले. भावाची आंघोळ, अप्पांची आंघोळ, माझे केस, सगळं लिहिलं. आई म्हणाली, "आता माझ्या हंड्यालाबी हजेरी लावायलीस का?" मी म्हटलं, शास्त्र आहे ते. ती म्हणाली, "व्हय, लई शास्त्र. जरा ते शास्त्र बाजूला कर आन् ड्रमचं झाकण लाव."

आठवडाभराचं सगळं पाणी मी बेरजेत धरलं. चारनं भागलं, सातनं भागलं. ध्रुवावरची हवा कोरडी, तहान जास्त लागेल, म्हणून वर दोन तांबे घातले. जो आकडा आला तो मला सढळ वाटला. हे मी छातीवर हात ठेवून सांगते. एक बादली आंघोळ-धुण्याला, एक कळशी खाण्या-पिण्याला, वर ते दोन तांबे. आम्ही चौघं धडधाकट जगत होतो की त्यावर! आणि तक्त्याच्या शेवटी, अकरा माणसांच्या खाली, माझ्याच्यानं राहवलं नाही म्हणून मी अजून एक ओळ लिहिली. पाहुणा, एक कळशी.

पुण्याच्या बैठकीत तक्ता पडद्यावर आला आणि ती ओळ दिसली. आधी एक जण हसला, मग सगळेच. हिवाळ्यात तिथं विमान उतरत नाही, गाडी पोचत नाही, पाखरूसुद्धा फिरकत नाही. "मॅडम, पाहुणे कोण येणार आहेत? पेंग्विन?" कुणीतरी विचारलं. पेंग्विन किनाऱ्यावर असतात, पठारावर नाही, पण ते दुरुस्त करायची ती वेळ नव्हती. मीही हसले. कान तापलेले होते, तरी हसले. प्रमुखांनी डोळे पुसत ती ओळ खोडायला सांगितलं.

मग त्यांनी वरचा आकडा पाहिला आणि त्यांचं हसणं थांबलं. "एवढ्यात भागतं?"

"भागतं सर. मोजलंय. आमच्याच घरी."

"वा," ते म्हणाले. "वा, मॅडम. हे म्हणजे फारच छान झालं." त्यांनी तिथल्या तिथं लेखनिकाला वाक्य सांगितलं, टंचाईग्रस्त भागातील कुटुंबाच्या प्रत्यक्ष मोजमापावर आधारित. आधी जो अंदाज धरला होता त्याच्या निम्म्यावर पाणी आलं. वितळवायचं यंत्र लहान झालं, इंधन कमी झालं, गाड्यांची एक खेप वाचली. दुपारच्या चहाला प्रमुख स्वतः माझ्याजवळ आले. दुर्बिणीवर दोन कॅमेरे बसवायचे होते, एक साधा आणि दुसरा अवरक्ताच्या खोलातला, माझ्या पेटीतला. वजनात बसत नाही म्हणून माझा कॅमेरा वर्षभर लटकत ठेवला होता. "वाचलेल्या वजनात आपला कॅमेरा बसला," ते म्हणाले. "अभिनंदन. आपल्याकडचे लोक किती थोडक्यात राहू शकतात, हे जगाला दिसेल."

माझ्या घरचं औदार्य त्यांनी हसून खोडलं आणि माझ्या घरची टंचाई जपून ठेवून घेतली. पण हे मला आत्ता लिहिताना सुचतंय. तेव्हा मी शिवाजीनगरच्या स्टँडवर पेढे घेतले आणि सहा तास एसटीत मांडीवर खोका धरून घरी आले.

आईनं पेढे देवापुढं ठेवले, मग शेजारी वाटले. संध्याकाळी लसूण सोलता सोलता तिनं विचारलं, "पण कशानं बसला म्हणली तुझा कॅमेरा?"

"आपल्या पाण्यानं. आपण किती कमी वापरतो ते मी मोजून दिलं ना."

तिचा हात थांबला. "सगळ्यांनी तेवढंच वापरायचं म्हणायलेत?"

"हो."

"बरं," ती म्हणाली आणि लसूण सोलायला लागली. मी कॅमेऱ्याबद्दल बोलत राहिले.

त्या उन्हाळ्यात आईच्या कमरेत कळ उठली. भिंतीला धरून उभी राहिली आणि तोंडातून आवाज न काढता खाली बसली. मूतखडा निघाला. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी किती पिता?"

"पिते की."

"किती, ते विचारतोय मी."

आईनं माझ्याकडं बघितलं. घरात मोजणारी मी, तेव्हा उत्तर माझ्याकडं असणार असं तिला वाटलं असावं. डॉक्टरही माझ्याकडं बघायला लागले. वहीत बघून सांगते, मी म्हणाले.

घरी आले आणि वही काढली. सात दिवसांची सात पानं. प्रत्येक पानावर रकाने आखलेले. अप्पा, भाऊ, मी, आणि चौथा रकाना, घर. स्वयंपाक, भांडी, धुणं, फरशी. आई त्या 'घर'मध्ये होती. तिचा रकानाच नव्हता. तिचं माणूस म्हणून मी चारनं भागलं होतं आणि तिचं पाणी एकदाही वेगळं मोजलं नव्हतं. घामानं पानं बोटांना चिकटत होती आणि माझ्या अंगाची लाही होत होती.

"आई, तू आंघोळ कधी करतेस?"

"करते की. दोन दिसाआड. तिसऱ्या दिशी."

"किती पाण्यानं?"

"दोन तांबे. बास होतंय. बाकी फडकं वलं करून पुसते." ती पलंगावर उशी घेऊन टेकली होती. "आन् पाणी प्यालं की संडासला जावं लागतंय, तिथं परत डबाभर पाणी घालावं लागतंय. म्हणून दुपारचं मी पीतच नाय."

"आणि पाहुण्याची कळशी?"

"ती कुठून येती मग? आभाळातून?"

मी ओरडले. आजारी आईवर ओरडले, लाज वाटते सांगायला, पण ओरडले. कामून सांगितलं नाहीस, माझं माप हातात घेऊन मी तुझ्यासमोर हिंडत होते तेव्हा कामून बोलली नाहीस? अप्पा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. अप्पा रोज सकाळी भरल्या बादलीनं आंघोळ करत, मग देवपूजा. चाळीस वर्षं करत होते. बादली कुठून येते हे त्यांनी विचारलं नव्हतं. भावानं विचारलं नव्हतं. मी तर शास्त्र करत होते, मीही विचारलं नव्हतं. मी ओरडत होते ती तिच्यावर नव्हेच खरं तर, पण समोर ती होती.

आईनं मला ओरडू दिलं. मग म्हणाली, "कुणाला तरी कमी घ्यावंच लागतंय, बाई. त्याबिगर पुरतच नाय. तिथं बर्फात बी तसंच व्हणार. तिथं कोण घेणारे कमी, ते बघितलंस का?"

आम्ही चौघं तेवढ्या पाण्यावर जगत नव्हतोच. तिघं जगत होतो आणि चौथी झिजत होती. चारनं भागलं होतं, तीननं भागायला हवं होतं. आणि माझ्या त्या भागाकारावर अकरा माणसं आठ-नऊ महिन्यांच्या हिवाळ्यात कोंडली जाणार होती. तिथून उठून कुठं जाता येत नाही. मूतखडा झाला तर रिक्षा मिळत नाही. त्या अकरांतलाही कुणीतरी गरीब स्वभावाचा असणारच. तो दुपारचं पाणी प्यायचं सोडेल, कुणाला कळणार नाही, आणि अहवालात लिहिलेलं असेल, पुरते.

मी प्रमुखांना लिहिलं. आकडा चुकला आहे, कारण असं असं. आठ दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं. आकडा प्रत्यक्ष मोजमापाचा आहे व सर्वांनी तो स्वीकारला आहे. आपण प्रकृतीची काळजी घ्यावी. प्रकृती कुणाची? मी पुन्हा लिहिलं. या वेळी उत्तरच नाही. मग मी गटातल्या दोघा-तिघांना फोन केले. सगळे म्हणाले, तुमचं बरोबर आहे मॅडम, बैठकीत बोलू. बैठकीत बोलू म्हणजे काय, हे ज्यानं नोकरी केली आहे त्याला सांगायला नको.

पुढची बैठक आमच्याच शहरात ठरली. माझ्यावर कृपा म्हणून नव्हे, मंडळींना वेरूळ बघायचं होतं. जालना रोडवरच्या एका मोठ्या हॉटेलात उतरले. मी सकाळी पोचले तेव्हा सगळे नाश्त्याला बसले होते. प्रमुख पोह्यांवर लिंबू पिळत वेटरला सांगत होते, "अहो, शॉवरला धारच नाही तुमच्या. दोन बादल्या मागवल्या, त्याही कोमट. अजून एक मागवावी लागली." वेटर म्हणाला, साहेब, टँकरचं पाणी आहे, दुष्काळ आहे. प्रमुख म्हणाले, "ते ठीक आहे, पण आम्ही प्रवासातून आलोय."

बैठकीत माझा विषय पाचवा होता. मी थांबले नाही. पहिला विषय सुरू व्हायच्या आधीच उभी राहिले. "सर, सकाळपासून तुमच्या तीन बादल्या झाल्या. ध्रुवावर आपण माणशी एक लिहिली आहे. आंघोळ, धुणं, सगळं धरून."

"मॅडम, हा जरा व्यक्तिगत विषय झाला," प्रमुख हळूच म्हणाले.

"व्यक्तिगतच आहे. माझी आई आहे त्या आकड्यात." मी वही उघडून टेबलावर ठेवली. रकाने दाखवले. कुणाचा रकाना नाही ते दाखवलं. बोलताना आवाज चिरकत होता, मला ते कळत होतं, आणि ते बाईमाणूस म्हणून बघतायत हेही कळत होतं. तरी मी शेवटपर्यंत बोलले. मूतखड्यापर्यंत.

प्रमुखांनी सगळं ऐकून घेतलं. ऐकून घेण्यात त्यांचा हातखंडा होता. मग चष्मा काढून पुसला. "भावना समजते. आकडा वाढवा, माझी काही हरकत नाही. पण यंत्र मोठं होणार, इंधन वाढणार. एकूण वजन ठरलेलं आहे. तेवढं वजन कुठून कमी करायचं, ते आपणच सांगा."

आपणच. सगळ्यांना ठाऊक होतं तेवढ्या वजनाची एकच वस्तू यादीत होती. तीन वर्षं मी पत्र्याखाली घासली होती ती. ते माझ्याकडं शांतपणे बघत होते. मला ठाऊक होतं, त्यांना वाटतंय मी खाली बसेन. आणि खरं सांगते, एक क्षण मी बसायला खुर्ची ओढलीही होती. एवढ्या लांबच्या, अजून नेमणूकही न झालेल्या अकरा माणसांसाठी मी काय म्हणून? कॅमेरा तर माझ्या हातात होता.

मी पेन घेतलं आणि यादीतून माझा कॅमेरा खोडला. समासात लिहिलं, दुसऱ्या टप्प्यात. पाण्याच्या तक्त्यात जुना आकडा खोडून नवा घातला, आणि 'टंचाईग्रस्त भागातील कुटुंबाच्या' हे अख्खं वाक्य कागद फाटेल इतक्या जोरानं काटलं. मग खाली परत लिहिलं, पाहुणा, एक कळशी. आजारी माणसाला जास्तीचं लागेल, ते यातून, असं मोठ्यानं सांगितलं. कुणी हसलं नाही. प्रमुख म्हणाले, "ठीक. पुढचा विषय घेऊ."

दुपारी मंडळी वेरूळला निघाली. मला गाडीत जागा ठेवली होती म्हणे. मी म्हटलं, आज आमच्याकडं पाणी यायचंय.

घरी आले तेव्हा आई नळाशी वाकलेली होती, कमरेला पट्टा बांधून. मी तिला बाजूला केलं आणि हंडे लावत लावत सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजे कॅमेरा गेला?"

"गेला. आता दुसऱ्या टप्प्यात."

"तिथल्या माणसांना वाढवून दिलंस. लई चांगलं केलंस." तिनं ड्रमवरचं झाकण सारखं केलं. "माझं कुठं वाढवलंस?"

हंडा भरून वाहायला लागला आणि आईनंच तो पटकन सरकवला. डॉक्टरकडून येऊन तीन महिने झाले होते. तीन महिने मी पत्रं लिहीत होते, फोन करत होते, भाषणाची तयारी करत होते. डॉक्टरनं प्यायला सांगितलेलं पाणी आई पीत होती, तेवढंच. आंघोळ अजून तिसऱ्याच दिवशी होती. ध्रुवावरच्या माणसांचा रकाना मी आखला होता, आईचा नाही.

तेवढ्यात अप्पा पंचा खांद्यावर टाकून आले. पाण्याच्या दिवशी ते ताज्या पाण्यानं दुसऱ्यांदा आंघोळ करून संध्याकाळची पूजा करायचे. "पाणी काढलंस का गं?" त्यांनी आईला विचारलं.

"आज पहिली आंघोळ आईची," मी म्हणाले.

"अगं पण देवाचं..."

"देव थांबेल, अप्पा." माझा आवाज सगळ्या वसाहतीला ऐकू गेला असेल. मी बादली काठोकाठ भरली, न्हाणीत नेऊन ठेवली, आईच्या हाताला धरून तिला आत घातलं आणि दार ओढून घेतलं. अप्पा माझ्या शेजारी थांबले. काय झालंय ते त्यांना कळत नव्हतं, की कळत होतं, मला माहीत नाही.

आतून पहिला तांब्या ओतल्याचा आवाज आला. मग दुसरा. मग काहीच नाही.

"आई?"

"झालं."

"काय झालं? बादली भरलेली आहे. सगळी संपवायची."

आत तांब्या बादलीच्या काठाला लागल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "दोनावर हातच थांबायलाय गं. व्हयनाच पुढं. राहिलेलं तुझ्या अप्पाला दे, पूजा खोळंबली त्यांची."

मला फार राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. अप्पांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि दाराच्या कडीला अडकवला. मग दाराजवळ तोंड नेऊन, आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तू ओत. मी मोजायलोय."

तिसरा तांब्या पडायला बराच वेळ लागला.